स्कॉट्स भाषेवर प्रबंध लिहायचाय? आधी पुरावा कुणी गोळा केला ते बघा

प्रश्न असा आला आहे: "पुण्यात भाषाविज्ञानात एम.ए. करते आहे. स्कॉट्स भाषेवर प्रबंध लिहायची इच्छा आहे. मार्गदर्शक म्हणतात, ती इंग्रजीची बोली आहे. आधी ती स्वतंत्र भाषा असल्याचं सिद्ध करा. स्कॉटलंडला जायला पैसे नाहीत. इथे बसून काम होईल का? सामग्री कोणती वापरू आणि विषय कोणता घेऊ?"

मार्गदर्शकांची अट आधी निकालात काढू. 'भाषा की बोली' हे सिद्ध करण्यात प्रबंधाचं एक प्रकरणसुद्धा घालवू नका. कोकणीच्या बाबतीत हा वाद आपल्याकडे किती दशकं चालला ते तुम्हाला ठाऊक आहे. तो मिटला (मिटला असं म्हणायचं तर) ते साहित्य अकादमीने १९७५ साली दिलेल्या मान्यतेने आणि १९९२ साली आठव्या अनुसूचीत झालेल्या समावेशाने. एखाद्या भाषाशास्त्रज्ञाने निर्णायक पुरावा मांडला आणि सगळे गप्प बसले, असं काही झालं नाही. स्कॉट्सची गोष्टही तीच. प्रादेशिक आणि अल्पसंख्य भाषांची युरोपीय सनद ब्रिटनने २००१ साली मंजूर केली, तेव्हा स्कॉट्स तिच्या दुसऱ्या भागात आली. २०२५ च्या स्कॉटिश भाषा कायद्याने गेलिकच्या बरोबरीने तिलाही अधिकृत दर्जा दिला. दर्जा कायद्याने मिळतो. तुमचा प्रबंध शब्दरूपं, स्वर आणि वाक्यरचना यांच्यावर असणार आहे, आणि ती कायदा होण्याआधी होती तशीच आजही आहेत.

गेलिकचं नाव आलंच आहे तर एक घोळ मिटवून टाकतो, कारण आपल्याकडे तो फार होतो. स्कॉट्स म्हणजे गेलिक नव्हे. गेलिक ही केल्टिक, आयरिशच्या जवळची. स्कॉट्स ही जर्मानिक. जुन्या इंग्रजीच्या नॉर्थम्ब्रियन शाखेतून ती निघाली आणि पुढे तिच्यात नॉर्स, फ्रेंच, डच, लॅटिन अशी भर पडत गेली. आजच्या प्रमाण इंग्रजीपासून ती निघालेली नाही. दोघींचं मूळ एक, वाटा वेगळ्या. स्कॉटलंडच्या संसदेचे कायदे १४२४ पासून या भाषेत लिहिले जाऊ लागले. गंमत म्हणजे तेव्हाचे स्कॉट लेखक तिला 'इंग्लिस'च म्हणत. आपण 'स्कॉटिस'मध्ये लिहितो असं गॅव्हिन डग्लस या कवीने १५१३ साली बजावून सांगितलं, आणि हे नाव त्या सुमारास रुजू लागलं.

आता मुद्द्याचं. या क्षेत्रात काम करताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा महत्त्वाची वाटत आली आहे: स्कॉट्सविषयीचा कोणताही पुरावा हातात घेतला की आधी विचारायचं, हा कुणी गोळा केला, कुणाकडून, आणि कशासाठी? सगळ्याच भाषांच्या अभ्यासात हे विचारावं लागतं. पण स्कॉट्समध्ये ते न विचारता पुढे गेलात तर निष्कर्षच उलटा निघतो, कारण इथे दोन भाषारूपं एकाच माणसाच्या तोंडात, बऱ्याचदा एकाच वाक्यात, नांदत असतात.

साधं बोलणाऱ्यांच्या संख्येचंच घ्या. २०१० साली स्कॉटिश सरकारने एक जनमत पाहणी केली. तीत ८५ टक्के लोकांनी आपण कमीअधिक प्रमाणात स्कॉट्स बोलतो असं सांगितलं. त्याच पाहणीत ६४ टक्के लोक म्हणाले की, आम्हाला ती भाषा वाटत नाही, नुसती बोलण्याची एक तऱ्हा वाटते. लगेच पुढच्या वर्षी, २०११ च्या जनगणनेत, स्कॉट्सविषयी पहिल्यांदाच प्रश्न विचारला गेला आणि बोलणारे भरले सुमारे १५ लाख, म्हणजे जवळपास ३० टक्के. वर्षभरात निम्म्याहून जास्त भाषक काही गायब झाले नाहीत. प्रश्नाची शब्दरचना बदलली, विचारणारा बदलला. २०२२ च्या जनगणनेत बोलणारे पुन्हा १५ लाखांच्याच आसपास राहिले. पण समजणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांतलं काहीतरी येतं असं सांगणारे ३७.७ टक्क्यांवरून ४६.२ टक्क्यांवर गेले. यावरून 'स्कॉट्स वाढते आहे' असा मथळा देता येतो. संशोधकाने मात्र इतकंच म्हणावं की, स्वतःच्या बोलण्याला स्कॉट्स हे नाव द्यायला लोक आता कमी कचरतात. तेवढंही सांभाळून.

हे असं का होतं ते समजून घ्यायला ए. जे. एट्किन यांचा पाच स्तंभांचा तक्ता पाहा. एडिनबरा विद्यापीठातले एट्किन हे जुन्या स्कॉट्सच्या कोशाचे संपादक आणि माझ्या मते या क्षेत्रातलं विसाव्या शतकातलं सर्वांत मोठं डोकं. तक्ता दिसायला अगदी साधा आहे. पहिल्या स्तंभात फक्त स्कॉट्समध्ये असलेले शब्द: 'बेर्न' म्हणजे मूल, 'कर्क' म्हणजे चर्च, 'केन' म्हणजे माहीत असणं, 'गाउपन' म्हणजे ओंजळ. दुसऱ्यात इंग्रजीशी नातं उघड दिसणारी पण रूप वेगळं असलेली: 'स्टेन', 'हेम', 'हूस', 'हीड'. चौथ्यात त्यांची इंग्रजी भावंडं: 'स्टोन', 'होम', 'हाउस', 'हेड'. पाचव्यात फक्त इंग्रजी असलेले. आणि मधला, तिसरा स्तंभ दोन्हीकडे समान असलेल्या शब्दांचा. तो सर्वांत मोठा, आणि सगळी गोची तिथेच आहे. कोणीही स्कॉट्स बोलणारा बोलताना या मधल्या स्तंभातले शब्द सतत वापरतो. मग त्या शब्दांना काय म्हणायचं? फक्त पहिला स्तंभ मोजला तर स्कॉट्स जवळजवळ संपलेली दिसते. पहिला, दुसरा आणि तिसरा एकत्र धरले तर ती भक्कम, धडधाकट दिसते. एट्किन यांनी आणखी एक बारकावा नोंदवला: काही लोक एका टोकावरून दुसऱ्या टोकावर स्वच्छ उडी मारतात, घरात एक आणि कचेरीत दुसरं, काही मात्र एकाच संभाषणात नकळत सरकत राहतात. उडी मारणारे कुठले आणि सरकणारे कुठले, याचा प्रदेशाशी आणि वर्गाशी संबंध असतो. शेटलंड बेटांवर आणि ईशान्येत पहिला प्रकार जास्त, मध्य पट्ट्यातल्या शहरांत दुसरा. या एका तक्त्यावर अख्खा प्रबंध उभा राहू शकतो.

आता सामग्री. सुरुवात कोशांपासून करा, कारण ते पुण्यातूनही पूर्णपणे खुले आहेत. दोन मोठे ऐतिहासिक कोश आहेत आणि दोन्ही २००४ पासून एकाच संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. पहिला जुन्या स्कॉट्सचा, बाराव्या शतकापासून १७०० पर्यंतचा, १२ खंडांचा. दुसरा स्कॉटिश नॅशनल डिक्शनरी, १७०० नंतरचा, १० खंडांचा. दोन्हींची छपाई १९३१ साली सुरू झाली. दुसरा १९७६ ला पुरा झाला आणि पहिला २००२ ला. जुन्या कोशाची कल्पना डंडीत जन्मलेल्या विल्यम क्रेगी यांची. ऑक्सफर्ड कोशाचे ते एक मुख्य संपादक. प्रत्येक कालखंडाला स्वतंत्र कोश हवा, असा त्यांचा आग्रह होता.

हे दोन कोश एका माळेचे मणी समजून वापरले की फसगत ठरलेली. १७०० पर्यंतच्या कोशाने निदान १६०० पर्यंत तरी स्कॉट्सला पूर्ण भाषा धरलं. इंग्रजीत असलेले शब्दही त्यात आहेत; सतराव्या शतकापुरतं धोरण मात्र इंग्रजीशी न जुळणारं तेवढंच घ्यायचं होतं. नंतरच्या कोशाने फक्त तेवढंच घेतलं जे प्रमाण इंग्रजीपेक्षा वेगळं आहे. म्हणजे एखादा शब्द १६०० पर्यंत भरपूर उदाहरणांसह दिसतो आणि १७०० नंतर नाहीसा होतो, तेव्हा शब्द मेला असं समजू नका. कदाचित तो इंग्रजीसारखाच असल्यामुळे दुसऱ्या कोशाच्या दारात त्याला प्रवेशच नव्हता. 'अमुक साली इतके स्कॉट्स शब्द लोप पावले' असे आकडे या कोशांतून काढलेले कुठे दिसले तर आधी हे तपासा.

जुन्या कोशातही अक्षरागणिक फरक आहे. ए ते एन ही अक्षरं पहिल्या चार खंडांत बसली. उरलेल्या अक्षरांना आठ खंड लागले. मधल्या काळात, मुख्यतः एट्किन यांच्या हाताखाली, वाचलेल्या दस्तांचा आवाका खूप वाढला: नगरांच्या नोंदवह्या, हिशेब, पत्रं, न्यायालयाची कागदपत्रं. त्यामुळे 'बी'ने सुरू होणाऱ्या शब्दांपेक्षा 'एस'ने सुरू होणाऱ्या शब्दांचे अर्थ जास्त, उदाहरणं जास्त. याला भाषा जबाबदार नाही, संपादनाचा इतिहास जबाबदार आहे. संगणकावर नोंदी मोजून आलेख काढणाऱ्यांनी ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी.

नॅशनल डिक्शनरीचा कल आणखी उघड आहे. पहिले संपादक विल्यम ग्रँट ॲबर्डीनला ध्वनिशास्त्र शिकवत. त्यांच्यानंतर १९४६ पासून शेवटपर्यंत काम ओढणारे डेव्हिड म्युरिसन हे ईशान्य किनाऱ्यावरच्या फ्रेझरबराचे. ईशान्येकडची बोली या कोशात ओसंडून वाहते. 'व्ह'च्या जागी 'फ' उच्चारणारी, 'व्हॉट'ला 'फिट' म्हणणारी ती बोली. ग्लासगोबद्दल मात्र ग्रँट यांच्या प्रस्तावनेत स्पष्ट मत आहे: आयरिश आणि परदेशी लोकांच्या लोंढ्यामुळे त्या औद्योगिक भागातली बोली हताश व्हावं इतकी भ्रष्ट झाली आहे. हे वाचल्यावर तिथल्या कामगारवस्तीतले शब्द कोशात कमी का, याचं कारण वेगळं शोधायला नको. लाखो माणसांचं बोलणं संपादकांना 'शुद्ध' वाटलं नाही. (आपल्याकडेही प्रमाण मराठीच्या कोशकारांना मुंबईच्या गिरणगावाचे कान किती होते, हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे.) म्हणून ग्लासगोबद्दल काही म्हणायचं तर कोश बाजूला ठेवा आणि समाजभाषाशास्त्रज्ञांकडे वळा. रॉनल्ड मॅकॉले यांचं तिथल्या वर्ग आणि उच्चारांवरचं काम १९७७ सालचं. जेन स्टुअर्ट-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या किशोरवयीन मुलांच्या बोलण्यात लंडनकडचे उच्चार कसे शिरले आणि त्यात टीव्ही मालिकेतल्या पात्रांशी मुलांचं जडलेलं नातं किती कारणीभूत आहे, हे मोजून दाखवलं. २०१३ च्या त्या लेखावर वाद झाला आणि व्हायलाच हवा होता. पद्धत शिकायला तो उत्तम आहे.

कोशांच्याही मागे जायचं तर जॉन जेमिसन यांचा १८०८ सालचा दोन खंडांचा कोश. हे धर्मोपदेशक. स्कॉट्स ही अँग्लो-सॅक्सनपासून आलेली नसून पिक्ट लोकांमार्फत थेट स्कँडिनेव्हियातून आली, असं त्यांचं ठाम मत होतं. मत चुकीचं ठरलं, त्यांच्या व्युत्पत्ती आज कोणी वापरत नाही. पण प्रत्येक अर्थाला मूळ ग्रंथातलं उदाहरण द्यायची त्यांची शिस्त विलक्षण होती, ऑक्सफर्ड कोशाच्या कितीतरी आधीची. या कोशाचा पुढे एक वेगळाच परिणाम झाला. १९२० च्या दशकात कवी ह्यू मॅकडायर्मिड जेमिसनची पानं चाळून, कुणाच्याही बोलण्यात न उरलेले शब्द उचलून कविता लिहू लागले. त्या कविता गाजल्या, त्यांचं अनुकरण झालं. म्हणजे १९३० मधल्या एखाद्या छापील कवितेतला शब्द हा त्या काळच्या बोलीचा पुरावा असेल किंवा नुसता जुन्या कोशाचा प्रतिध्वनी असेल. साहित्यातून आलेल्या प्रत्येक दाखल्यापाशी हे विचारावं लागतं, आणि कंटाळा आला तरी विचारावंच लागतं.

हाच प्रकार आपल्या काळात फार मोठ्या प्रमाणावर झाला. ऑगस्ट २०२० मध्ये उघडकीला आलं की, स्कॉट्स विकिपीडियावरचे वीस हजारांहून जास्त लेख स्कॉट्स न येणाऱ्या एका अमेरिकन किशोरवयीन मुलाने लिहिले होते: इंग्रजी वाक्यं तशीच ठेवून ऑनलाइन कोशातून शब्द बदलत. मुलाचा हेतू वाईट नव्हता आणि त्याच्यावर तुटून पडलेल्यांचं मला कौतुक नाही. पण तोपर्यंत ते लेख भाषा ओळखणाऱ्या प्रणालींच्या आणि बहुभाषिक संगणकीय साठ्यांच्या पोटात गेले होते. स्वयंसेवकांनी नंतर बरीच साफसफाई केली, तरी जुन्या प्रती फिरतच असतात. तुम्ही 'वेबवरून गोळा केलेला स्कॉट्स डेटा' वापरणार असाल तर तो २०२० च्या आधीचा की नंतरचा आणि त्यात विकिपीडियाचा वाटा किती, हे प्रबंधाच्या पहिल्या दहा पानांत यायला हवं. त्यापेक्षा तो वापरूच नका.

मजकूरसाठे चांगले आहेत. ग्लासगो विद्यापीठाचा 'स्कॉट्स' याच नावाचा कॉर्पस सुमारे ४६ लाख शब्दांचा, त्यातला साधारण पंचमांश बोललेला, ध्वनिमुद्रणासह. मात्र त्यात स्कॉटिश प्रमाण इंग्रजीही आहे, संसदेची कागदपत्रंसुद्धा आहेत. सरसकट शोध घेतलात तर तुम्ही स्कॉट्स मोजताय की सरकारी इंग्रजी, ते कळणार नाही. प्रत्येक दस्ताची माहिती शेजारीच दिलेली असते, ती गाळणी म्हणून वापरा. त्याच लोकांनी १७०० ते १९४५ च्या लिखाणाचा वेगळा साठाही केला आहे. जुन्या काळासाठी ॲनेली म्युर्मन-सोलिन यांचा १४५० ते १७०० चा हेलसिंकी कॉर्पस, आठ लाखांहून अधिक शब्दांचा, आणि एडिनबराचा १३८० ते १५०० मधल्या स्थानिक दस्तांचा भाषिक नकाशासंग्रह. शिवाय ॲबर्डीन नगर परिषदेच्या नोंदवह्या: १३९८ ते १५११ पर्यंतचं लिप्यंतर ऑनलाइन खुलं आहे, लॅटिन आणि स्कॉट्स एकमेकांत मिसळलेलं. एकाच पानावर खटला लॅटिनमध्ये सुरू होतो आणि माणसाने प्रत्यक्ष काय म्हटलं ते लिहायची वेळ आली की लेखनिक स्कॉट्सवर येतो. मोडीतले मराठी-फारसी मिश्र दस्त वाचलेल्या कोणालाही हे ओळखीचं वाटेल.

सोळाव्या-सतराव्या शतकात ही लिखित भाषा इंग्रजीकडे कशी वळली, यावर ॲमी डेव्हिट यांचं १९८९ चं पुस्तक आजही पहिलं वाचायचं. १५२० ते १६५९ या काळातली पाच वैशिष्ट्यं घेऊन त्यांनी दाखवलं की, बदल सगळ्या लेखनात एकदम आला नाही. धार्मिक लेखन सर्वांत आधी वळलं, सार्वजनिक दप्तर सर्वांत शेवटी. कारणही समजण्यासारखं आहे. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडच्या हातात बायबल आलं ते इंग्रजीतलं. मर्डॉक निस्बेट याने १५२० च्या सुमारास नव्या कराराचं स्कॉट्स रूप केलं होतं, पण ते हस्तलिखितातच राहिलं आणि छापून निघालं ते विसाव्या शतकाच्या तोंडाशी. १६०३ साली राजा लंडनला गेला, १७०७ साली संसद गेली, हे आपण शाळकरी इतिहासात कारण म्हणून सांगतो. भाषेच्या बाबतीत बायबल त्याआधीच काम करून गेलं होतं.

बोलींच्या पाहण्या दोन, आणि दोघींची पद्धत शेजारी ठेवून बघावी अशी. पहिली एडिनबराची १९४९ पासूनची भाषिक पाहणी. तिने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रश्नावल्या टपालाने शाळामास्तरांना पाठवल्या, आणि मास्तरांनी गावातल्या जाणत्या माणसांना विचारून भरल्या. नकाशांचे तीन खंड १९७५ ते १९८६ मध्ये निघाले. शेती, प्राणी, घर, हवामान यांचे शब्द भरभरून, वाक्यरचना नाममात्र. दुसरी जेनिफर स्मिथ आणि सहकाऱ्यांचा वाक्यरचनेचा नकाशासंग्रह, २०१९ साली खुला झालेला. साधारण १४० गावं, ५०० हून जास्त भाषक. प्रत्येक गावात दोन तरुण, दोन म्हातारे, आणि विचारणारा शक्यतो गावातलाच. 'द कार नीड्स वॉश्ट' म्हणजे गाडी धुवायला हवी, 'दॅट्स मी अवे' म्हणजे निघालो मी. अशी वाक्यं ऐकवून, तुमच्याकडे असं म्हणतात का, एक ते पाच गुण द्या, असं विचारलेलं. सगळा डेटा उतरवून घेता येतो. डेक्कन कॉलेजने मराठी बोलींची जी नवी पाहणी ऑनलाइन ठेवली आहे, तिच्याशी याची तुलना पद्धतीच्या अंगाने सहज होईल, आणि ती तुमच्या दारातच आहे.

विचारणारा गावातलाच का, हे नीट समजून घ्या. शेटलंडमध्ये परक्या माणसाशी ठेवणीतल्या इंग्रजीत बोलण्याला खास शब्द आहे, 'नॅपिंग'. तुम्ही किंवा मी ध्वनिमुद्रक घेऊन तिथल्या लर्विक गावी उतरलो तर लोक प्रेमाने चहा पाजतील आणि तासभर नॅपिंग करतील. स्मिथ स्वतः ईशान्य किनाऱ्यावरच्या बकी या मासेमारीच्या गावच्या. तिथल्या त्यांच्या अभ्यासात जे सापडलं ते बाहेरच्याला सापडलं नसतं. तेव्हा स्कॉटलंडला जाता येत नाही याचं फार वाईट वाटून घेऊ नका. सहा आठवड्यांच्या घाईच्या दौऱ्यातून जमवलेल्या मुलाखतींपेक्षा चांगल्या हातांनी जमवलेला खुला डेटा नीट वाचणं केव्हाही बरं. ऑनलाइन मुलाखती घ्यायचा मोह होईल. त्यातही नॅपिंग होतंच.

आता विषय. मला तीन सुचतात. आवडीच्या चढत्या क्रमाने सांगतो.

ध्वनीची आवड असेल तर एट्किन यांच्याच नावाने ओळखला जाणारा स्वरदीर्घत्वाचा नियम. स्कॉट्समध्ये बरेच स्वर मुळात ऱ्हस्व असतात आणि ठरावीक जागीच लांबतात: 'र' किंवा घोष घर्षकाच्या ('व्ह', 'झ' यांसारख्या ध्वनीच्या) आधी आणि पदिमाच्या, म्हणजे शब्दातल्या अर्थपूर्ण घटकाच्या, सीमेवर. त्यामुळे गरज या अर्थाचा 'नीड' आखूड, पण 'गुडघा' या शब्दाला भूतकाळाचा प्रत्यय लागून झालेला 'नीड' लांब. इंग्लंडच्या इंग्रजीत हा भेद नाही. शहरांतली आणि ईशान्येतली ध्वनिमुद्रणं घेऊन लांबी मोजा. प्राट हे ध्वनी मोजायचं सॉफ्टवेअर मोफत आहे. विषय सुरक्षित आहे, पण यावर बरंच झालेलं आहे.

दुसरा, कर्ता आणि क्रियापद यांच्या मेळाचा उत्तरेकडचा नियम. पुढे ऑक्सफर्ड कोशाचे संपादक म्हणून नाव झालेल्या जेम्स मरी यांनी १८७३ साली आपल्या हॉइकजवळच्या बोलीवर पुस्तक लिहिलं. त्यात तो स्वच्छ मांडला आहे. 'ते येतात' म्हणताना 'दे कम', पण 'पक्षी येतात' म्हणताना 'द बर्ड्झ कम्झ'. सर्वनाम क्रियापदाला चिकटून असलं तर प्रत्यय नाही. नाम असलं तर अनेकवचनातही प्रत्यय लागतो. ॲबर्डीनच्या नोंदवह्यांत हा नियम किती काटेकोर पाळलाय, लॅटिनमधून स्कॉट्सवर येताना तो ढळतो का, हे मोजता येईल. नोंदवह्या समोर आहेत, शिस्त लागेल तेवढीच.

तिसरा तुमच्यासाठीच राखून ठेवल्यासारखा आहे. अठराव्या शतकात शिकलेल्या स्कॉट लोकांना आपल्या इंग्रजीत स्कॉट्सचे डाग दिसण्याची विलक्षण धास्ती होती. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७५२ साली टाळायच्या शब्दांची यादीच छापली. जेम्स बीटी यांची मोठी यादी १७८७ ची. हे बीटी ॲबर्डीनच्या मॅरिशल कॉलेजात प्राध्यापक. आता मराठ्यांचा इतिहास लिहिणारे जेम्स ग्रँट डफ आठवा. जन्म १७८९, बॅन्फ, म्हणजे स्कॉट्सच्या ईशान्य पट्ट्याचं काळीज. शिक्षण त्याच मॅरिशल कॉलेजात. मग मुंबईची फौज आणि सातारा. १८२६ साली लंडनला छापलेले त्यांचे तीन खंड आपल्याकडे इतिहास म्हणून शंभरदा वाचले गेले, भाषेसाठी बहुधा कोणी वाचलेले नाहीत. मुंबईत धर्मप्रसार आणि शिक्षणाचं काम केलेले जॉन विल्सन हे लॉडर या सरहद्दीवरच्या गावचे. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीला मराठीच्या घडणीवरचं टिपण त्यांचंच. दोघांच्याही छापील इंग्रजीत स्कॉट्स किती पाझरली आहे?

इथे एट्किन यांचाच आणखी एक भेद उपयोगी पडेल: उघड स्कॉटपणा आणि छुपा स्कॉटपणा. उघड म्हणजे मुद्दाम, चवीसाठी वापरलेला शब्द. छुपा म्हणजे लिहिणाऱ्याला ज्याचा पत्ताच नसतो असा. 'बाहेर' या अर्थी 'आउटविथ' आजही स्कॉटलंडच्या सरकारी पत्रांत बिनधास्त येतो आणि लिहिणाऱ्याला तो प्रमाण इंग्रजीच वाटतो. ग्रँट डफ आणि विल्सन यांच्या बाबतीत उघड प्रकार मिळणारच नाही, ते शिकून सवरून सावध झालेले लोक. छुपा शोधायचा: 'शॅल' आणि 'विल' यांची अदलाबदल, 'द' या उपपदाचा जादा वापर, विधी आणि महसुलाच्या परिभाषेत शिरलेले स्कॉटिश कायद्याचे शब्द. छापखान्यातल्या तपासनिसाने काय साफ केलं असेल हा धोका आहेच, म्हणून एकाच माणसाचा छापील मजकूर आणि हाताने लिहिलेली पत्रं अशी जोडी मिळाली तर सोनं. तुलनेला त्याच काळातला, मुंबईतच लिहिणारा, जन्माने इंग्लंडचा असा एखादा अधिकारी लागेल, नाहीतर स्कॉट्सचा डाग आणि कंपनीच्या दप्तराची शैली यांत फरक करता येणार नाही.

पहिल्या महिन्यात फक्त एक करा: ग्रँट डफ यांचा पहिला खंड घ्या. पुढच्या मुद्रणांत शब्द बदललेले असू शकतात, तेव्हा १८२६ चीच प्रत हवी, तिची छायाप्रत ऑनलाइन मिळते. 'शॅल' आणि 'विल' असलेलं प्रत्येक वाक्य एका तक्त्यात उतरवा आणि बीटी यांची यादी शेजारी ठेवा. शंभरेक वाक्यांत काही हाताला लागलं तर विषय पक्का. नाही लागलं तर नोंदवह्यांकडे वळा. मार्गदर्शकांना 'भाषा की बोली'चं उत्तर द्यायचंच असेल तर प्रस्तावनेत २०२५ च्या कायद्याचा एका ओळीत उल्लेख पुरेसा आहे.